गिरणगाव ते मुलुंड, आणि आपलं मागचं गेट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला आहे ‘गिरणगावातले दिवस’ आणि वेळ दिली आहे पंधरा मिनिटं. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळेचा पक्का असतो, अशी समितीची समजूत दिसते. ती तशीच राहू द्या. गिरणगावाबद्दल मी बोलणारच आहे. पण बोलता बोलता आपल्या मागच्या गेटाकडे येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ते गेट कायमचं बंद करावं, असा ठराव पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे आहे. आजच्या आनंदाच्या दिवशी तो विषय नको, असं मला दोघातिघांनी प्रेमाने सुचवलं. पण पंचवीस वर्षांचा ताळेबंद मांडायचा, तर येणी आणि देणी दोन्ही लिहावी लागतात. एकच बाजू लिहिली असती तर आमच्या ऑडिटरने मला उभं केलं असतं.

माझा जन्म १९५१ सालचा, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतला. आता त्या रस्त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, ब्रिटिश सरकारचं खातं. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत या खात्याने वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर मधला बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या बी विंगमधली हॉलची जागा तेवढीच भरेल. त्यात आम्ही सात माणसं, शिवाय गावाहून आलेला एखादा पाहुणा, जो दोन दिवसांसाठी यायचा आणि गिरणीत बदलीवर लागेपर्यंत वर्षभर राहायचा. संडास आणि नळ मजल्याला सामाईक.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एका शेडमध्ये एकदम चालायचे, त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येणं अशक्य. त्यामुळे साचेवाले ओठांवरून बोलणं ओळखत आणि हातांनी खुणा करत. वडील घरातही मोठ्याने बोलायचे. आई म्हणायची, अहो, इथे साचा चालू नाहीये. त्यांचे मित्र रविवारी आले की बोळात उभे राहून निम्मं बोलणं खुणांनीच करत. आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो आणि मार खायचो.

पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. भोंगा वाजला की सगळ्या वस्तीचं घड्याळ लागायचं. रात्री बाराला दुसरी पाळी सुटायची तेव्हा रस्त्यावर जत्रा असायची, हॉटेलं उघडी, पानवाले उघडे. वस्ती कधी पूर्ण झोपतच नसे. आणि म्हणूनच दारं उघडी असायची. आम्ही फार मनमोकळे, थोर माणसं होतो, असा लोकांचा समज असतो, त्याला माझा आक्षेप आहे. पाण्यावरून भांडणं व्हायची, बायकांची आणि पुरुषांचीही, आणि ती डोकं फुटेपर्यंत जायची. दार उघडं असायचं, कारण घरातलं कोणी ना कोणी पाळीवर निघालेलं असायचं नाहीतर पाळीवरून परतलेलं असायचं. रातपाळीवाला दिवसा झोपला की त्याची पोरं आपोआप शेजारच्या खोलीत जायची. जाणार कुठे?

गावकऱ्यांच्या खोल्यांचं तर शास्त्रच वेगळं. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडणार. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बोर्ड लावलेलं हॉटेल नव्हे, आमच्यासारख्याच १६० फुटांच्या खोलीत एखादी बाई वीस-पंचवीस जणांचं रांधायची आणि महिन्याने पैसे घ्यायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी कर्जं मिळवून दिली. मी तेव्हा बँकेत दोन वर्षांचा कारकून होतो. तारण काय, तर पोळपाट, पातेली आणि शब्द. आमचे जुने अधिकारी डोक्याला हात लावायचे.

इथे थोडं मागे जातो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढून ताडदेवला उभारली, १८५६ मध्ये ती चालू झाली. तिची यंत्रं आली इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या ओल्डहॅम गावाहून. या लँकेशायरमध्ये मी स्वतः जाऊन आलो आहे. धाकटी मुलगी आणि जावई काही वर्षं बोल्टनला होते, तेव्हा दोन महिने आम्ही नवरा-बायको तिथे राहिलो. लोक इंग्लंडला जाऊन लंडन बघतात, मी गिरण्या बघितल्या. बायको अजून बोलते त्यावरून.

बोल्टन हे आपल्या लालबाग-परळचं वडीलभावंडच म्हणायचं. सूत कातायचं ‘म्यूल’ नावाचं यंत्र १७७९ च्या सुमारास बोल्टनच्याच सॅम्युअल क्रॉम्प्टनने केलं. लाल विटांच्या प्रचंड गिरण्या अजून उभ्या आहेत, पण आत गिरणी नाही, कुठे गोदाम, कुठे छोटे छोटे व्यवसाय. त्यांच्या आजूबाजूला कामगारांची एकाला एक चिकटलेली घरं, लांबच लांब ओळी. दार उघडलं की थेट फुटपाथ. दोन ओळींच्या पाठी एकमेकींना लागून आणि मध्ये अरुंद गल्ली. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या गोऱ्या कामगारांना रातपाळी नको झाली, तेव्हा आपल्याकडचे गुजराती आणि पाकिस्तानातले लोक ती करायला गेले. मुलीच्या शेजारी असेच एक गुजराती काका होते. त्यांनी मला त्यांच्या गल्लीतल्या एका नव्वदीच्या आजीबाईंना भेटवलं. त्या पूर्वी विणकर होत्या. बोलताना त्या आवाज न काढता ओठ खूप हलवायच्या. तिकडे त्याला ‘मी-मॉइंग’ म्हणतात, साच्यांच्या आवाजात बोलायची त्यांची रीत. मला एकदम बोळात उभे असलेले वडील दिसले. मी त्यांना हाताने ‘पाळी सुटली’ची आमची खूण करून दाखवली. त्यांना ती कळली की नाही देव जाणे, पण हसल्या मात्र खूप.

आता फरक सांगतो, तो बँकेच्या माणसाच्या नजरेला जास्त दिसतो. बोल्टनच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तिथल्या जमिनीला फार कोणी विचारेना. घरं स्वस्त झाली, माणसं गरीब झाली, पण राहिली तिथेच. आपल्याकडे उलटं झालं. गिरणी बंद पडली आणि तिच्याखालची जमीन सोन्याची झाली.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठावर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला. मी त्या वर्षी आमच्या बँकेच्या लालबाग शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर होतो. संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, नाटकं आली, सिनेमे आले. मी तो पासबुकातून पाहिला. पहिले दोन-तीन महिने लोक नेहमीसारखे पन्नास-शंभर काढत. उन्हाळ्यात मुदत ठेवी मोडायला आले. पावसाळ्यात सोनेतारण, एकेक बांगडी, मग मंगळसूत्राच्या वाट्या. गणपतीनंतर खात्यात नियमापुरती रक्कम ठेवून बाकी काढायला लागले, आणि दिवाळीनंतर खातं बंद करायचा फॉर्म मागायला लागले. खातं बंद केलं की तेवढे शेवटचे रुपयेही हातात येतात ना. माझ्या वडिलांबरोबर काम केलेले एक गृहस्थ तो फॉर्म घेऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, सही मराठीत चालेल ना? वीस वर्षं मराठीतच सही करत होते ते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची, तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, असं ढोबळमानाने सूत्र होतं. २००१ मध्ये त्यात बदल करून ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ मध्ये तो बदल कायम झाला. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघायला २०१२ उजाडलं. घर २२५ चौरस फुटांचं, आणि तोवर कित्येक कामगार गेलेले, वारस रांगेत. या विषयावर मी तासभर बोलू शकतो, पण सेक्रेटरी घड्याळ बघतायत.

मला बोलायचंय ते भिंतीविषयी. गिरणगावात पूर्वी भिंत एकच होती, गिरणीची. उंच, काळ्या दगडाची, आणि तिला एक गेट. त्या गेटातून रोज हजारो माणसं आत-बाहेर व्हायची. गिरणी गेली, तिथे टॉवर आले, मॉल आले, ऑफिसं आली. भिंत राहिली. गेटही राहिलं, पण ज्यांच्या बापांचा पाय त्या गेटातून रोज आत पडायचा, त्यांना आता तिथे ‘कुणाकडे जायचंय?’ असं विचारतात. आणि विचारणारा वॉचमन पुष्कळदा समोरच्याच चाळीतला असतो. माझा एक वर्गमित्र, ज्या गिरणीत त्याचे वडील कामाला होते, तिच्याच जागेवरच्या इमारतीत सुरक्षारक्षक होता. तो मला म्हणाला, बापाला गेटवर पास दाखवायला लागायचा, मी पास तपासतो, बढती झाली म्हण की. तो हसला, मला हसू आलं नाही.

चाळींचं म्हणाल तर तिथेही आता टॉवर उठतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. डिलाइल रोडची आमची खोली थोरल्या भावाकडे आहे. तो सध्या संक्रमण सदनिकेत राहतो आणि रोज संध्याकाळी काम कुठवर आलं ते बघून येतो. मला त्याचा आनंदच आहे. सामाईक संडासाच्या रांगेत उभं राहिलेला माणूस चाळीच्या नावाने उसासे टाकत नाही.

आता येतो मुलुंडला. २००० साली आपण इथे आलो. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही बाजूंना तेव्हा बंद कारखाने दिसायचे, काही चालूही होते. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत हा सगळा कारखान्यांचाच पट्टा. आपल्या इमारती ज्या जमिनीवर आहेत तिथे एक इंजिनिअरिंग कारखाना होता, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. नव्यांना आणि मुलांना सांगतो, ए विंगच्या मागे जी जाड दगडी भिंत आहे, ज्याच्यावर तुम्ही चेंडू आपटता, ती कारखान्याची. आणि मागचं गेट हे त्या कारखान्याचं कामगारांचं गेट. बिल्डरने फक्त त्याचा पत्रा बदलला. गेटाबाहेर जी बैठी चाळ आहे, तिथले बहुतेक जुने लोक याच कारखान्यात होते. कारखाना बंद झाला, जमीन विकली गेली, चाळ वेगळ्या मालकाची म्हणून राहिली. म्हणजे मित्रांनो, गिरणगावात जे टॉवरवाले आहेत, ते इथे आपण आहोत.

हे मी कुणाला टोचावं म्हणून सांगत नाही. आपण जमीन लुबाडलेली नाही, कर्ज काढून घरं घेतली, माझं कर्ज तर निवृत्तीपर्यंत फिटत होतं. पण चाळीतली माणसं या वाटेने त्यांच्या तरुणपणापासून चालतायत, आधी कामाला आणि आता स्टेशनला, बाजारात, पोरांना शाळेत सोडायला. गेट बंद झालं तर त्यांना नाल्याकाठून वळसा आहे, मी घड्याळ लावून चाललो, माझ्या चालीने चौदा मिनिटं जास्त. पावसाळ्यात त्या रस्त्याला गुडघाभर पाणी असतं. वीस वर्षांहून जास्त काळ उघडपणे चालत आलेल्या वहिवाटेबद्दल कायदा काय म्हणतो तो भाग वकिलांचा, मी तो रेटत नाही. कोर्टाच्या धाकाने उघडं ठेवलेलं गेट काय कामाचं?

ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. दिवाळीत दोन सायकली गेल्या. कुणी नेल्या ते अजून कळलेलं नाही, पण गेल्या हे खरं. आवारातून मोटारसायकली भरधाव जातात, खेळणाऱ्या मुलांना धोका आहे. एकट्या राहणाऱ्या आपल्या चार-पाच आजींना रात्री अनोळखी माणूस जिन्याजवळ दिसला की भीती वाटते. भीती वाटणाऱ्याला ‘घाबरू नका’ म्हणून सांगून भागत नाही.

पण वहीची दुसरी बाजूही वाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडेही नाला फुटून वाहत होता. त्या रात्री चाळीतली बायका-मुलं याच गेटातून आत आली आणि आपल्या जिन्यांवर, सोसायटीच्या ऑफिसात झोपली. बी विंगच्या वहिनींनी खिचडीचं मोठं पातेलं चढवलं होतं. पुढे २०२० च्या टाळेबंदीत उलटं झालं. मुलं परदेशी असलेली आपली म्हातारी माणसं दाराआड बसली आणि चाळीतली पोरं दूध, भाजी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या याच गेटावर दोरीला पिशवी बांधून ठेवून जायची. माझ्या गोळ्याही त्यातच आल्या. तेव्हा गेट बंदच होतं, कुलूप होतं, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती म्हणून ते जमलं. पाच वर्षं गेट कायमचं बंद ठेवा, मग दोरीला पिशवी बांधायला कुणाला हाक मारणार?

बोल्टनच्या त्या पाठच्या गल्ल्यांची गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. तिथेही चोऱ्या, कचरा, दारुडे यांचा त्रास होता. त्यांनी पुष्कळ गल्ल्यांच्या तोंडाला लोखंडी गेटं बसवली. पण किल्ली दोन्ही ओळींतल्या घरांना दिली. माझी मुलगी भाडेकरू होती, तिच्याकडेही किल्ली होती. मला ही तोड हुशारीची वाटली, आणि माझी उपसूचना त्यावरूनच आहे. ती मी लेखी दिली आहे, थोडक्यात सांगतो.

गेट सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. मध्ये लोखंडी खांब रोवायचे, म्हणजे मोटारसायकल जाणार नाही. नऊनंतर कुलूप, आणि एक किल्ली चाळीच्या कमिटीकडे, अडल्या-नडल्या वेळी, दवाखान्याच्या कामासाठी. वाट भिंतीकडेने आखायची, म्हणजे जिन्यांजवळून कुणी जाणार नाही. पुढच्या गेटावर दिवसपाळीला दोन वॉचमन असतात, त्यातला एक मागे बसवायचा, त्याचा जादा पगार शून्य. खांब, दिवा, छोटी शेड आणि कॅमेरा यांचे मी तीन कोटेशन घेतले, सगळ्यात कमी ४२,००० रुपयांचं आहे. ८४ सदनिका आहेत, दर सदनिकेला ५०० रुपये, एकदाच. आज बाहेर जे केटरिंग आहे त्याचं एक ताट याहून फार स्वस्त नाही, मी बिल पाहिलंय.

चाळीच्या कमिटीशी मी आणि आपले खजिनदार बोलून आलो. तिथले एक जुने टर्नर आहेत, माझ्याच वयाचे, याच कारखान्यात सव्वीस वर्षं होते. ते म्हणाले, आमच्याकडची दोन पोरं आठवडाभर पाळीने गेटावर बसवतो, कोण येतं कोण जातं ते तुमच्या वॉचमनपेक्षा त्यांना जास्त कळेल. पाळी हा शब्द बऱ्याच वर्षांनी ऐकला. मी सांगितलं, सकाळची पहिली पाळी माझी, नाहीतरी पाचपासून जागाच असतो.

सभा अकरा तारखेला, सकाळी साडेदहाला, गच्चीवर आहे. कोरम भरला नाही की अर्धा तास थांबून तीच सभा चालते, आणि तेव्हा हजर असतील तेवढ्यांचं मत धरतात, तेव्हा वेळेवर या. ठरावाच्या विरुद्ध असाल किंवा बाजूने, या. उपसूचनेच्या प्रती ऑफिसात ठेवल्या आहेत, मोठ्या अक्षरातल्या वेगळ्या काढल्या आहेत.

पंधराची अठरा मिनिटं झाली.